कापसाच्या गाण्याचा जवाब

मी चौथी पास. पाचवीत जाऊन बसलो होतो, पण पाचवी माझ्यात काही बसली नाही. त्यामुळं लिहिण्यात चुका असतील त्या असू द्या. सून म्हणाली, मी तपासून देते. म्हटलं, हात लावायचा नाही. गाणी मी आयुष्यभर तोंडानंच रचली, ती कोणी तपासली नव्हती, आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली.

ही हकिकत नव्वदच्या पुढच्या सालांतली आहे, टेक्सासातली. मुलगा तिकडं टेलिफोनच्या मोठमोठ्या यंत्रांचा इंजिनियर होता. बायको गेल्यावर तो मला घेऊन गेला. गाव फ्रिस्को. आज तिथं जाल तर रस्ते न् दुकानंच दिसतील. तेव्हा मात्र आमच्या कॉलनीची शेवटची भिंत संपली की वावरच सुरू व्हायचं. घरं इतकी नवी की झाडांना अजून काठीचा आधार होता.

पहिल्याच आठवड्यात मी मागच्या दारी बोटानं माती उकरून पाहिली. काळी, चिकट, नखात बसली की दिवसभर निघत नाही अशी. म्हटलं, अरे, ही तर आपली माती! आमच्या विदर्भातली, पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं घर हलवते. तिथं तर लोक घराच्या पायाला पाणी घालतात. खोटं नाही सांगत. मुलगा संध्याकाळी पायाच्या कडेनं रबरी नळी लावून ठेवायचा, झाडाला घालावं तसं. मी हसायचो. तो म्हणायचा, "बाबा, फाउंडेशन क्रॅक होतं." मी म्हणायचो, "माती आहे ती. तिला विचारून घर बांधलं का?"

आता मी कोण, ते सांगतो. रेल्वेच्या वर्कशॉपात खलासी होतो, पण माणसं मला ओळखायची ती गायन पार्टीमुळं. एप्रिलात, जयंतीच्या महिन्यात, आमची पार्टी वस्तीवस्तीतून, गावोगावी जायची. पेटी, ढोलक, मागं झील धरणारे, आणि पुढं मी. कधी दोन पार्ट्यांचा सामना व्हायचा. एकीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं तिथल्या तिथं रचून जवाब द्यायचा. जवाब न देता उठणं म्हणजे पेटीवर फडकं टाकून मान खाली घालून घरी जाणं. मी कधी तसा उठलो नाही. पुढं पेटीवाल्याला आणि झीलकऱ्यांना सिनेमाच्या चाली हव्या झाल्या, बटणं दाबली की आपोआप वाजणारं यंत्र हवं झालं. मी म्हटलं, माझे शब्द त्या यंत्रात बुडवायचे नाहीत. ते गेले. पार्टी मोडली. मी तेव्हा बरोबर होतो आणि आजही बरोबरच आहे. पण त्यानंतर मी गायलो नाही, हेही खरं.

तर जुलै महिन्यात आमचा एसी बंद पडला. दुरुस्त करायला शेजारचाच माणूस आला. साठीला टेकलेला गोरा, उंच, हातावर भाजल्याचे डाग, कमरेला पेजर. तो यंत्राच्या पोटात डोकं घालून बसला आणि मी सावलीत खुर्ची टाकून पायानं ताल धरून बसलो. सवय. थोड्या वेळानं पाहतो तर हा पान्यानं पत्र्यावर माझाच ताल धरतोय. मी थांबलो, तो थांबला. मी बदलला, त्यानं बदलला. सून दारात आली, म्हणाली, "मामाजी, त्याला काम करू द्या ना."

"करतोय ना," मी म्हटलं. "विचार त्याला, कोणत्या पार्टीत आहे."

पार्टी होतीच. तो, त्याचा धाकटा भाऊ ड्रमवर, शाळेची बस चालवणारी एक बाई व्हायोलिनवर, आणि एक तरणाबांड गायक, मोठ्या हॅटवाला. शेजाऱ्याच्या गॅरेजात त्यांची तालीम चालायची. त्याला कंट्री रॉक म्हणतात, असं सुनेनं सांगितलं. म्हणजे शेतकऱ्याची गाणी आणि पोरांचा धिंगाणा एकाच ताटात. मी रोज संध्याकाळी जाऊन गॅरेजच्या दारात बसू लागलो. सून त्यांना सांगून आली होती की आमच्यात थोरांना काका म्हणतात, म्हणून ते सगळे मला काका म्हणत. ती बसवाली बाई माझ्याच वयाची होती, तीही. मी तिला ताई म्हणायचो. नातं तसं जरा वाकडंतिकडंच झालं, पण चाललं.

त्या वर्षात त्यांची पार्टी वर आली. आधी गुरांच्या जत्रेत वाजवलं. मग आसपासच्या गावांत बोलावणी येऊ लागली. मग हायवेवरचा मोठा डान्स हॉल मिळाला, दर शनिवारी. त्यांची कॅसेट निघाली, आणि रेडिओवर एक गाणं लागलं तेव्हा भाऊ गॅरेजातून ओरडत रस्त्यावर आला होता. सगळी गर्दी हॅटवाल्याच्या गळ्यावर होती आणि त्याच्या जीन्सवर, असं सून म्हणायची. शेजारी मागं उभा राहून गिटार वाजवायचा. त्याची स्वतः रचलेली गाणीही होती, पण ती गॅरेजातच राहायची.

त्यांतलं एक संथ गाणं मला धरून बसलं. शब्द कळत नव्हते, पण रचणाऱ्याला रचलेलं ओळखू येतं. शेवटी त्याचा आवाज वर चढून उघडाच राहायचा. मी सुनेला म्हटलं, "हा सवाल आहे. काय विचारतो तो?"

तिनं कान दिला. मग म्हणाली, "मामाजी, हे आपल्या घराबद्दल आहे."

त्याच्या बापाचा कापूस होता तिथं. सगळी कॉलनी त्याच कापसावर उभी होती. बाप गेल्यावर बिल्डरनं जमीन घेतली, आणि हा माणूस त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या घरांचे एसी दुरुस्त करत फिरत होता. गाण्यात तो सांगायचा की रांगा अजून आहेत, फक्त आता त्यांना दिवे लागतात. आणि शेवटी विचारायचा, माझ्या बापाच्या कापसावर आता झोपलंय कोण?

त्या रात्री मी गादी खाली टाकून झोपलो. 

पुढं जे व्हायचं तेच झालं. हॅटवाला नॅशव्हिलला गेला, मोठ्या गावी नशीब काढायला. गर्दी पातळ झाली. हॉलचा मालक म्हणू लागला की रेडिओवरची नाचाची गाणी वाजवा, नाहीतर मी शनिवारी रेकॉर्ड लावणारा माणूस बसवतो. शेजारी रेडिओची गाणी वाजवू लागला, पण तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. हॉल गेला तर पार्टी संपणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि भावालाही. त्यांच्या बोलण्यात तेच असायचं. भाऊ म्हणायचा, वाजव ते सांगतात ते. हा म्हणायचा, मग मी कशाला हवा, मशीन आणा. हे मी आधी कुठंतरी ऐकलं होतं.

एका शनिवारी त्यानं मला येण्याचा आग्रह केला. मुलगा कामानं बाहेरगावी होता, म्हणून सूनच गाडी घेऊन आली. आजवर मी गॅरेजच पाहिलेलं. हॉल पहिल्यांदाच पाहत होतो. बाहेर अजून लख्ख ऊन होतं, आत थंडगार अंधार. लाकडी जमिनीवर कॅरमच्या बोर्डावर टाकतात तशी पावडर टाकलेली, बूट घसरावेत म्हणून. माणसं जोडीजोडीनं गोल गोल फिरत होती. आणि सगळ्यांच्या पाठी पार्टीकडं! कोणी वर पाहत नव्हतं. बोलत होते, हसत होते, हातात बाटल्या. वरती माणूस घसा फोडतोय आणि खाली हे.

मला राग आला. सुनेला म्हटलं, "हा अपमान आहे."

"मामाजी, इथं डान्सच करतात. असंच असतं."

"कोणी सांगितलं?"

"बोर्डवर लिहिलंय, डान्स हॉल."

तेवढ्यात शेजाऱ्यानं ते कापसाचं गाणं धरलं. मालकाला न विचारता धरलं असावं, कारण भाऊ त्याच्याकडं पाहत राहिला आणि मग नाइलाजानं हळू वाजवू लागला. माझ्या अंगावर काटा आला. आणि लोक? त्यांनी चाल संथ झाली म्हणून जोडीदाराच्या गळ्यात हात टाकले आणि गप्पा सुरूच.

आमच्याकडं एक रीत होती. कार्यक्रमात गर्दी उठली, गलका झाला, की वस्तीतला एखादा जाणता म्हातारा उठायचा आणि मंचासमोर मोकळ्या जागेत एकटा जाऊन मांडी घालून बसायचा. बोलायचा नाही. तो बसला की त्याला ओलांडून जायची कोणाची छाती नव्हती. एकेक करून सगळे बसायचे. गाणं पुढं चालायचं. तो मान मी फार पाहिला होता. आता वय माझं होतं.

मी उठलो. नाचणाऱ्यांच्या मधून गेलो आणि बरोबर मंचासमोर, त्या पावडरीवर, मांडी घालून बसलो.

एक जोडपं मला अडखळून पडता पडता वाचलं. एक बाई किंचाळली. मला वाटलं, आता बसतील. पण ते बसेनात, माझ्याभोवती गोळा होऊ लागले. कोणी पाणी आणलं. एका मोठ्या मिशीवाल्यानं गुडघे टेकून माझी नाडी धरली. कोणीतरी फोनकडं धावलं. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला हृदयाचा झटका आला.

सून गर्दीतून घुसत आली. चेहरा लाल. "मामाजी, उठा ना प्लीज! लोक बघून राहिले!"

"बघू दे. त्यांना सांग, मी आजारी नाही. त्यांना सांग, बसा."

"मी नाही सांगणार!"

मग मीच सांगितलं. माझ्याकडं इंग्रजीचे शब्द मोजकेच, पण एक कामाचा होता. मी मिशीवाल्याला म्हटलं, "सिट."

तो म्हणाला, "सर?"

"सिट!"

तो बिचारा बसला. कदाचित वेड्याला चिडवू नये म्हणून बसला असेल. एव्हाना नाच थांबला होता. ड्रम थांबले होते, ताईचं व्हायोलिनही थांबलं. शेजारी तेवढा गिटारीवर हात ठेवून वरून माझ्याकडं पाहत होता. चेहरा पांढराफटक. मी हात वर करून त्याला खूण केली. गा. काही झालं नाही मला. गा.

आणि तो गायला. एकटाच, नुसत्या गिटारीवर. सगळा हॉल म्हाताऱ्याच्या काळजीनं गप्प झालेला, त्यामुळं शब्द न् शब्द भिंतीपर्यंत गेला. मी त्या माणसांचे चेहरे पाहत होतो. त्यांतल्या कितीकांची वावरं अशीच गेली असतील. मिशीवाल्यानं माझा हात धरला होता तो तसाच राहिला, आणि नाडी बघायची त्याला शुद्ध राहिली नाही. शेवटचा सवाल आला आणि उघडा राहिला. टाळ्या लगेच नाही वाजल्या. जाणत्यांना ठाऊक आहे, लगेच वाजत नाहीत.

मालकाला मात्र ते आवडलं नाही. बाहेर गाड्यांच्या जागेत तो शेजाऱ्याशी बोलला, सुनेनं ऐकलं. लोक इथं बूट घासायला येतात, प्रवचनाला नाही. पुढच्या शनिवारपासून रेकॉर्डवाला माणूस.

शेजाऱ्यानं मुकाट सामान गाडीत चढवलं. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "काका, तुम्ही माझा शनिवार घालवलात."

मी म्हटलं, "शनिवार गेला. गाणं ऐकू आलं."

सुनेनं त्याला काहीतरी सांगितलं, पण ते फारच लांब होतं आणि त्यात सॉरी होतं. मी काही सॉरी म्हटलं नव्हतं.  मुलगा परतल्यावर तो बोलला, भरपूर बोलला. मी म्हटलं, बोल, मी बसलोय.

गॅरेजचं दार बंद झालं. भावानं ड्रम विकायला काढल्याचं ताईकडून सुनेला कळलं. मी रोज संध्याकाळी घराच्या पायाला पाणी घालायला बाहेर जायचो. ते काम आता मीच घेतलं होतं. तिरक्या नजरेनं त्या दाराकडं पाहायचो. तो दिसला तर मान हलवायचा, मीही हलवायचो. मी काही जाणार नव्हतो, आणि तोही तसलाच. अशी पार्टी मोडते हे मी एकदा पाहिलं होतं. कोणी भांडत नाही, नुसती दारं बंद राहतात.

थंडी सुरू होता होता तो एका रविवारी दुपारी आला. टोपी हातात. सून चहा टाकायला लागली तर म्हणाला, आधी काकांना एक विचार. काय झालं होतं, तर तो घरोघरी एसी आणि हीटर बघायला जायचा, तिथं लोक त्याला ओळखायचे. म्हणायचे, म्हातारा खाली बसला त्या दिवशीचं ते कापसाचं गाणं कुठं मिळेल? कॅसेटवर ते नव्हतंच. हॉलमध्ये इतक्या शनिवारांत कोणी त्याला कधी गाण्याबद्दल विचारलं नव्हतं.

"तुमच्याकडं लोक बसतात?" त्यानं मला विचारलं.

"बसतात. उभा माणूस ऐकत नाही, तो जायच्या तयारीत असतो."

"आणि मंच?"

"मंच कशाला? ओट्यासमोर सतरंजी. गाणाऱ्याचं थुंकलेलं अंगावर उडेल इतके जवळ."

हे सुनेनं कसं सांगितलं ठाऊक नाही, पण तो हसला. हॉलनंतर पहिल्यांदाच.

मार्चच्या एका शनिवारी, ऊन कलल्यावर, त्याच्या गॅरेजसमोरच्या उतारावर बैठक ठरली. कॉलनीच्या लोकांना सांगितलं, आपापल्या खुर्च्या आणा. मी पुढं उभा राहून मांडणी करून घेतली. खुर्च्या चिकटून. मध्ये मोकळी जागा ठेवायची नाही, मोकळी जागा दिसली की पाय शिवशिवतात. भावाचा सगळा ड्रमचा पसारा मी आत ठेवायला लावला. तो फुगला.

"मग मी काय वाजवू? टेबल?"

"टेबल वाजव. आम्ही डालड्याच्या डब्यावर रात्री काढल्यात."

शेवटी त्यानं एकच ड्रम आणला आणि तारेच्या झाडणीसारखं काहीतरी, त्यानं तो नुसता घासायचा. पीठ चाळल्यासारखा आवाज. मी म्हटलं, हां. आता शब्दांना श्वास घेता येईल.

लोक आले. आमच्यातली दोन-तीन मराठी घरं आली, एक तेलुगू कुटुंब, आणि हॉलमधला तो मिशीवालाही, बायकोला घेऊन. मला पाहून लांबूनच म्हणाला, "सिट?" मी म्हटलं, "सिट." तो बसला.

शेजाऱ्यानं स्वतःचीच गाणी म्हटली. आवाज हॅटवाल्यासारखा गोड नव्हता, पण आवाजाचं काम सांगणं आहे. शेवटी कापसाचं गाणं आलं. तो सवालावर आला, माझ्या बापाच्या कापसावर झोपलंय कोण, आणि या वेळी त्यानं सरळ माझ्याकडं पाहिलं. मुद्दाम नसेल. मी पुढंच बसलो होतो, बघणार कुठं? पण सवाल टाकून डोळ्यांत पाहिलं, म्हणजे सामना. सगळी माणसं बसलेली, आणि ज्याच्या घराबद्दल विचारतोय तो मी समोर. जवाब दिला नाही तर उठायचं कसं?

घसा कित्येक वर्षं बंद होता. पहिला सूर दार करकरावं तसा निघाला. भावाची झाडणी थबकली, मग तिनं माझा ताल पकडला.

तुझा बाप पेरी, गड्या, माझा बाप वेची,
पऱ्हाटी पाटलाची, पाठ तेवढी त्याची.
पारापाशी त्याला कोणी बसू दिलं नाही,
आता तुझ्या वावरातून उठणार मी नाही.
झोपलंय कोण पुसतोस, झोपला नाही कोणी,
जागा आहे पाहुणा, ऐकतो तुझी गाणी.

गाणं संपल्यावर सगळे सुनेकडं पाहू लागले. ती उभी राहिली. ओळीओळीनं इंग्रजीत सांगू लागली आणि मध्येच थांबली.

"मामाजी, हे उठणार नाही कसं सांगू? भांडणासारखं वाटेल."

"भांडणच आहे. सांग."

तिनं सांगितलं, आणि या वेळी लांबवलं नाही, सॉरीही घातलं नाही. आवाज मात्र तिचा हलला. तिचेही आजोबा वेचणीवालेच होते, हे मला ठाऊक होतं. मराठी घरांपैकी एक, गावाकडं पाटीलकी असलेलं, मान खाली घालून बसलं होतं, ते का, तेही मला ठाऊक होतं. ते त्यांचं ते पाहतील.

शेजाऱ्यानं टोपीखाली डोकं खाजवलं. मग सुनेला म्हणाला, "काकांना सांग, बसा. पण उन्हाळ्यात पायाला पाणी घालायला विसरू नका. माझ्या बापाची माती वाईट आहे."

मी म्हटलं, "त्याला सांग, मला शिकवू नको. माझ्या गावची माती अशीच आहे."

मग टाळ्या वाजल्या.

त्यानंतर ती पार्टी नाचाची राहिली नाही. चर्चच्या खोल्या, लायब्ररी, कॉफीची दुकानं, जिथं खुर्च्या असतील तिथं ते जाऊ लागले. पार ओक्लाहोमापर्यंत गेले. हॅटवाला एकदा परत येऊन विचारून गेला, मला घेता का. ताई म्हणाली, खुर्ची असेल तर बस. नवी कॅसेट निघाली तिच्यात कापसाचं गाणं पहिलं होतं. मला त्यांच्याबरोबर जाणं कधी जमायचं, कधी गुडघे नाही म्हणायचे.

मी नसलो तरी माझा जवाब दुसऱ्या कोणी गायचा नाही, हे मी बजावून ठेवलं होतं. शेजाऱ्यानं ते पाळलं. ताई सांगते, सवाल टाकून तो थांबतो. भाऊ एक सबंध कडवंभर नुसती झाडणी घासत राहतो, व्हायोलिन खाली, कोणी तोंड उघडत नाही. परगावच्या लोकांना वाटतं, हा शब्द विसरला. मग तो टोपी सारखी करतो आणि पुढचं गाणं धरतो.